ऊन वगळून उजेड

परसातलं वर्कशॉप बहुतेक ठिकाणी एकाच धाटणीचं असतं. घरामागे लोखंडी पाइपांवर उभारलेली पत्र्याची शेड, तीन बाजूंनी विटांची भिंत, चौथ्या बाजूला दार किंवा शटर. भिंतीला खिडकी ठेवलेली असते, पण वर्षभरात तिच्यासमोर फळ्या, रंगाचे डबे आणि कधीतरी दुरुस्त करायची सायकल उभी राहते. मग भरदुपारी ट्यूब लावून रंधा मारायची वेळ येते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत दिवा, हे खटकायला लागलं की नजर छपराकडे जाते. एखादा पत्रा काढून तिथे पारदर्शक पत्रा टाकला की काम झालं, असं कुणीही सांगतो. बाजारात फायबरचा पत्रा आहे, पॉलिकार्बोनेट आहे, काचेचं कौल आहे, घुमट आणि आरशाच्या नळ्या आहेत. आणि पाण्याची बाटलीसुद्धा आहे.

या सगळ्या उपायांची तुलना साधारणपणे ‘कोण जास्त उजेड देतो’ या एका प्रश्नावर होते. महाराष्ट्राच्या आकाशाखाली तो प्रश्न अपुरा पडतो. वैशाखातली दुपार आणि आषाढातली सकाळ यांत आतल्या उजेडाचा फरक कोण कमीत कमी ठेवतो, हे पाहिलं की क्रम बराच बदलतो.

आधी हिशोब

१० फूट रुंद आणि १३ फूट लांब शेड घेऊ, म्हणजे सुमारे १२ चौरस मीटर. सुतारकामाच्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड पुरतो. मिरजेत तंबोऱ्यावर नक्षी करणाऱ्याला किंवा सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगवणाऱ्याला त्याहून जास्त हवा. ५०० लक्स धरले आणि छपरातून आलेल्या उजेडापैकी निम्मा भिंतींनी, सामानाने खाल्ला असं मानलं, तर छपरातून सुमारे १२,००० ल्यूमेन आत यायला हवेत. २० वॅटच्या सहा एलईडी ट्यूब साधारण एवढाच उजेड देतात.

आता आकाशाकडे पाहू. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या जमिनीवर ८०,००० लक्स सहज असतात, कधी लाखाच्या आसपास. दाट ढगांच्या दिवशी तोच आकडा १०,०००वर उतरतो. पारदर्शक पत्र्यातून ७० टक्के उजेड आत येतो असं धरलं, तर वैशाखात या शेडला जेमतेम ०.२ चौरस मीटरचं भोक पुरतं. आषाढात तेवढ्याच उजेडासाठी १.७ चौरस मीटर लागतं. काम तेच, माणूस तोच, पण भोक आठपट मोठं हवं. छपरातल्या उजेडाची खरी अडचण ही आहे.

युरोपातल्या मार्गदर्शक पुस्तिका जमिनीच्या क्षेत्रफळाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत छपरात प्रकाशाची जागा ठेवायला सांगतात. तिथलं आकाश वर्षाचे कित्येक महिने आपल्या आषाढासारखं असतं, म्हणून तो सल्ला तिथे बरोबर आहे. इथे तो जसाच्या तसा उचलला, तर वैशाखात भाजून निघण्याची सोय होते. भर उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट उष्णता पडते. त्यातली ७०० वॅट आत आली, तर छपराला हीटर लावल्यासारखंच झालं. भारतीय मानक ब्युरोचं दिवसाच्या उजेडाविषयीचं मानक, आयएस २४४०, हिशोबासाठी आकाशाचा उजेड ८,००० लक्स धरतं आणि थेट ऊन त्यात मोजतच नाही. आत येणारा एक टक्का उजेड म्हणजे ८० लक्स, असा तो साधा हिशोब आहे. ऊन हा इमारतीने टाळायचा भाग आहे, ही समजूत त्यामागे आहे आणि ती आपल्या हवामानाला धरून आहे.

विजेच्या बचतीचं गणितही इथेच उरकून टाकू. सहा ट्यूब आठ तास जळल्या तर दिवसाला जेमतेम एक युनिट होतं. त्यासाठी कुणी छप्पर फोडू नये. कारणं दुसरी आहेत. दिवसाच्या उजेडात लाकडाचा आणि पॉलिशचा रंग खरा दिसतो. जुन्या चोकच्या ट्यूबच्या थरथरत्या प्रकाशात फिरतं पातं कधी स्थिर किंवा संथ फिरल्यासारखं भासतं आणि बोटं जातात. दिवसाच्या उजेडात तो धोका नाही. शिवाय लोडशेडिंगमध्ये मशीन थांबलं तरी पटाशी आणि रंधा चालू राहतो.

जुन्या छपरांचं शहाणपण

देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत छताला एक लहान चौकोनी झरोका असे. कुठे त्याला साणं म्हणतात, कुठे सवनं. धूर वर जायचा, उजेड खाली यायचा आणि पाऊस आला की त्यावर झाकण पडायचं. हात-दीड हाताचं हे भोक मोठ्या खोलीला पुरायचं, कारण बाहेरच्या प्रखर उजेडातून थोडाच आत घ्यायचा, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. झाकणामुळे ते ऋतूप्रमाणे लहानमोठंही करता यायचं.

कोकणात हेच काम काचेच्या कौलाने केलं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्या साच्याची कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याच साच्यात ओतलेलं काचेचं कौल मातीच्या कौलांच्या ओळीत सहज बसतं. पाणी अडवणारी खाच तीच, रिपेवर टेकणारं नाकही तेच. छपराला नवीन भोक पडत नाही, म्हणून गळण्याचं नवीन कारणही तयार होत नाही. एका कौलाचा उघडा भाग सुमारे ०.०६५ चौरस मीटर. भर उन्हात त्यातून साडेतीन हजारांवर ल्यूमेन येतात, म्हणजे जवळजवळ दोन ट्यूबचा उजेड. ढगाळ दिवशी मात्र तेच कौल पाच वॅटच्या एलईडी बल्बवर येतं. कौलारू शेडमध्ये दहा-बारा कौलं दोन-तीनच्या गटांत विखरून बसवली, तर आजही याहून सोपा उपाय नाही. उणीव एकच: काच स्वच्छ असेल तर उन्हाचे कवडसे थेट टेबलावर फिरत राहतात. खरबरीत पृष्ठाची कौलं मिळाली तर ती घ्यावीत.

तिसरा धडा गिरण्यांचा. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली. त्यानंतर मुंबईत ज्या विणाई-शेड उभ्या राहिल्या, त्यांतल्या अनेकांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी होती. दात्याची उभी बाजू उत्तरेला, तिला काच; उतरती बाजू दक्षिणेला, ती बंद. तुटलेला धागा विणकराला क्षणात दिसायला हवा, म्हणून उजेड भरपूर हवा, पण डोळ्यांवर येणारा नको. ही पद्धत लँकेशायरहून आली. तिथे ५३-५४ अक्षांशावर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेलाच असतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेवर तो कधी भरदुपारी येत नाही. मुंबईत थोडा फरक पडतो, त्याकडे पुढे येऊ.

पत्र्याच्या जागी पत्रा

आजच्या शेडवर कौलं नसतात, पत्रा असतो. त्यामुळे सगळ्यांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे त्याच नागमोडीचा फायबरचा पत्रा. तो स्वस्त आहे, तालुक्याच्या गावी मिळतो, आणि दुधी असल्यामुळे आत येणारं ऊन पसरवून देतो. त्याचं म्हातारपण मात्र लवकर येतं. उन्हाने राळ पिवळी पडते, वरचा थर झिजून काचतंतू उघडे होतात, त्यांत धूळ बसते आणि काही वर्षांत उजेड निम्म्यावर येतो. वरून संरक्षक थर दिलेला, जाड पत्रा घेतला तर हे लांबणीवर पडतं.

पॉलिकार्बोनेट जास्त टिकतं आणि आघात सोसतं. पोकळ नळ्यांचा पत्रा उष्णताही थोडी अडवतो. दुधी रंगात त्यातून साधारण निम्मा उजेड येतो आणि आपल्याकडे तेवढा पुरे. हा पत्रा बसवताना मात्र तीन गोष्टी सर्रास चुकतात. पहिली, अतिनील किरणांपासून बचाव करणारा थर बहुधा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू वर हवी. छापील कागद सोलण्याआधी तिथे खूण करून ठेवावी. दुसरी, पोकळ नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात. वरचं टोक पट्टीने बंद आणि खालचं टोक आतलं दव बाहेर जाईल असं. नाहीतर वर्षभरात नळ्यांत शेवाळ धरतं. तिसरी, तो तापला की पोलादाच्या पाचपटींहून अधिक प्रसरण पावतो. ३ मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिलिमीटर वाढतो. स्क्रूची भोकं मोठी ठेवली नाहीत तर दुपारी छप्पर कडकडतं आणि भोकापासून तडे जातात.

काच सगळ्यांत दीर्घायुषी, पण डोक्यावर लावायची तर दोन थरांमध्ये चिकटपटल असलेली हवी. साधी काच फुटली तर तिचे तुकडे सुऱ्यांसारखे खाली येतात. शेड माडाखाली असेल तर हा विचार काल्पनिक राहत नाही.

सिमेंटच्या पत्र्याच्या जुन्या शेडला एक इशारा द्यायला हवा. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याच्या धुळीने कर्करोग होतो. उजेडासाठी असा पत्रा कापू नये, त्याला ड्रिल लावू नये. अख्खा पत्रा ओला करून, न फोडता उतरवावा आणि त्या जागी त्याच नागमोडीचा फायबरचा पत्रा बसवावा.

बाटली, नळी आणि घुमट

ब्राझीलमधल्या उबेराबा गावचा मेकॅनिक आल्फ्रेडो मोझेर याने २००२च्या सुमारास, वीज वारंवार जात असताना, दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरलं, शेवाळ धरू नये म्हणून त्यात थोडं ब्लीच टाकलं आणि ती अर्धी छपराच्या वर, अर्धी खाली अशी पत्र्यात बसवली. २०११पासून इलॅक डियाझ यांच्या संस्थेने फिलिपिन्सच्या झोपडवस्त्यांत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर नेली. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बएवढा उजेड मिळतो, हा तिच्याविषयीचा दावा तपासून पाहता येतो. बाटलीचा काटछेद सुमारे ०.००९ चौरस मीटर आणि वर ८०,००० लक्स, म्हणजे ७०० ल्यूमेन. दावा खराच आहे. पण वर्कशॉपसाठी अशा सतरा-अठरा बाटल्या लागतील, म्हणजे सतरा-अठरा भोकं आणि तितकेच सीलंटचे सांधे. ढगाळ दिवशी प्रत्येक बाटली शंभर ल्यूमेनच्याही खाली जाते. खिडकीच नसलेल्या खोलीत, दिवसा अंधारात राहणाऱ्या कुटुंबासाठी ही युक्ती मोलाची आहे. परसातल्या शेडला त्याहून बरे मार्ग मोकळे आहेत.

आरशासारख्या आतल्या पृष्ठाची प्रकाशनळी छप्पर आणि खोली यांच्यात माळा किंवा फॉल्स सीलिंग असेल तेव्हा कामाची. उघड्या पत्र्याच्या शेडला मधलं अंतरच नसतं, तिथे तो खर्च वाया जातो. ॲक्रिलिकचा घुमट सपाट स्लॅबवर शोभतो, कारण त्याला उंच कठडा देऊन पाणी बाहेर ठेवता येतं. उतरत्या पत्र्यावर तसाच कठडा करायला गेलं, तर त्याच्या वरच्या अंगाला पाणी आणि पालापाचोळा तुंबतो.

उत्तरेचा उजेड आपल्या अक्षांशावर

आता गिरण्यांच्या धड्याकडे. उत्तरेकडे तोंड केलेल्या उभ्या काचेवर स्वच्छ दिवशी सुमारे १०,००० लक्स पडतात. तो सगळा आकाशाचा उजेड असतो, त्यात ऊन नाही. दाट ढगांत हा आकडा ४,०००वर येतो. आडव्या पत्र्यात वैशाख-आषाढाचं प्रमाण आठास एक होतं, इथे ते अडीचास एक झालं. आपल्या शेडला १.५ चौरस मीटर उत्तरेची काच दिली आणि ८० टक्के उजेड आत आला, तर स्वच्छ दिवशी बरोबर १२,००० ल्यूमेन मिळतात, म्हणजे जितके हवेत तितकेच. आषाढात टेबलावर सुमारे २०० लक्स राहतात. वावरायला ते पुरेसे आहेत, बारीक कामाला टेबलावरचा एक दिवा लागेल.

अक्षांशाचा फरक असा. मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७ जुलैच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. पण तो फार झुकत नाही. २१ जूनला मुंबईत सुमारे साडेचार अंश, गोव्यात आठ. एक मीटर उंच काचेला मुंबईत ८ सेंटिमीटरची आणि गोव्यात १४ सेंटिमीटरची झापड दुपारचं ऊन अडवायला पुरते. सकाळ-संध्याकाळी ईशान्य आणि वायव्येकडून येणारं तिरपं ऊन उरतं, त्याला बाजूंना उभ्या पट्ट्या द्याव्यात. शिवाय या काळातला बराचसा भाग पावसाचा, म्हणजे ढगांचाच. पावसाचा मारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येत असल्याने उत्तरेची काच त्या मानाने आडोशालाही राहते.

गिरणीसारखे दाते लहान शेडला लागत नाहीत. नवी शेड बांधायची तर छप्पर एकपाखी करावं, उंच बाजू उत्तरेला ठेवावी. ३ मीटर रुंदीवर १५ अंशांचा उतार दिला की उत्तरेची भिंत ८० सेंटिमीटर उंच होते. त्या वाढीव उंचीत ४० सेंटिमीटरची काचेची सलग पट्टी ४ मीटर लांब धावली की दीड चौरस मीटर झाली. पत्र्याला एकही भोक नाही. छपरातूनच आल्यासारखा उजेड, पण पाण्याचा प्रश्न भिंतीच्या खिडकीएवढाच. उभी असलेली शेड दुपाखी असेल तर आढ्यापाशी दक्षिणेचं पाखं अर्धा मीटर उचलून मधल्या फटीत काच आणि हवेसाठी जाळी बसवता येते. पहिला खर्च अर्थात पत्रा बदलण्यापेक्षा पुष्कळ जास्त.

पाणी, माणसं, माकडं

कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे छपरातल्या उजेडाची परीक्षा जून महिनाच घेतो. पत्र्यात पत्रा बसवताना सर्वांत सुरक्षित जागा आढ्याला लागून. वरचं टोक आढ्याच्या पट्टीखाली सरकतं आणि फक्त खालचा एकच जोड उरतो. पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत सलग असेल तर तोही नाही. मध्येच चौकोन कापून बसवलेला तुकडा ही गळतीची हमी. आडव्या जोडाला निदान १५ सेंटिमीटरचं झाकण हवं, बाजूच्या जोडाला दीड नागमोड, आणि जोडाचं तोंड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला. हुकबोल्टचं भोक नागमोडीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगटात कधीच नाही.

माणसाचा धोका पाण्यापेक्षा मोठा आहे. धुळीने माखलेला फायबरचा पत्रा वरून शेजारच्या लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो आणि पालापाचोळा काढायला चढलेला माणूस त्यावर पाय देतो. खाली करवतीचं मशीन असतं. म्हणून पारदर्शक पत्र्याखाली वेल्डमेशची जाळी हवीच. ती चोरालाही अडवते. छपरावर चालायचं तर वाशांवर आडवी फळी टाकूनच. कोकणात माकडं आणि पडणारे नारळ यांचा विचार जागा ठरवतानाच करावा. आंब्या-फणसाच्या सावलीतल्या भागात उजेडाचा पत्रा टाकून आकाश मिळत नाही, पानं तेवढी मिळतात.

आत आल्यावर

आलेला उजेड राखायचं काम आतल्या रंगाचं. पांढऱ्या चुन्याची भिंत सत्तर-ऐंशी टक्के उजेड परत फेकते, गंजलेला पत्रा आणि उघडी वीट बहुतेक गिळतात. पत्र्याची आतली बाजू आणि भिंती पांढऱ्या करणं हा या आढाव्यातला सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि तो पहिला करावा. टेबल बरोबर उजेडाच्या खाली घेऊ नये, स्वतःचीच सावली कामावर पडते. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून, वरून, थोडा पुढून यावा. जिथे थेट ऊन पडतं तिथे चिकटवलेली फळी ठेवू नये. एक बाजू आधी सुकते आणि ती वाकते.

उन्हाळ्यात जास्तीचा उजेड झाकायचा कसा, यावर पॉलिहाउसवाल्या शेतकऱ्यांकडे उत्तर आहे. ते चुन्याचा पातळ हात मारतात आणि तो पावसाने उतरतो. ऋतू बदलतो तसं छप्पर आपोआप बदलतं. ही युक्ती काचेवर चालते. पॉलिकार्बोनेटला आणि फायबरला मात्र चुन्यासारखा अल्कली मानवत नाही. त्यावर मार्च ते मे शेडनेट ताणावी आणि मृगाच्या आधी काढावी. साफसफाईला खंडेनवमीसारखा मुहूर्त नाही. अवजारं पुसून मांडायची असतातच, पावसाने धरलेलं शेवाळ त्याच दिवशी मऊ फडक्याने उतरवता येतं.

मग करायचं काय

कौलारू शेडला काचेची कौलं द्यावीत, यात फारसा वाद नाही. उभ्या असलेल्या पत्र्याच्या शेडला जमिनीच्या सात-आठ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात दहा चौरस फूट दुधी पत्रा, आढ्याला लागून, शक्यतो उत्तरेच्या पाख्यावर, खाली जाळी आणि उन्हाळ्यात वरून शेडनेट. आषाढात दिवा लागणार, हे मान्य करूनच हा आकडा ठरवला आहे. दिवा टाळण्यासाठी भोक दुप्पट केलं तर मार्च ते मे शेड रिकामी राहील. आणि नवी शेड बांधायची असेल, तर पारदर्शक पत्र्याच्या भानगडीत पडूच नये. छप्पर बंद आणि वरून पांढरं ठेवावं, उंच बाजू उत्तरेला वळवावी, काच तिथे बसवावी. फॅब्रिकेटर पैसे पाइपाच्या वजनाचे घेतो, दिशेचे नाही. त्यामुळे खांबांचे खड्डे खणण्याआधी होकायंत्र काढणं, ही या सगळ्यातली सर्वांत किफायतशीर गोष्ट आहे.